हा घाट नाही, फ्लायओव्हर आहे

नवऱ्याने एक्सेल उघडलं तेव्हाच मला कळलं होतं की हा प्रश्न काही एक्सेलने सुटणारा नाही. कॉलम दोनच, ‘विमान’ आणि ‘गाडी’, आणि खाली ओळीने तास, युरो, बॅगा, पार्किंग, आईचा गुडघा. हो, ‘आईचा गुडघा’ अशी खरंच एक ओळ होती आणि तिच्यापुढे त्याने दोन्हीकडे प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

२०२४ चा जून. आई-बाबा चिपळूणहून पहिल्यांदाच आमच्याकडे म्युनिकला आलेले, आणि आईचं एकच म्हणणं होतं की बाकी काही दाखवू नका पण ते पाण्यातलं गाव दाखवा. म्हणजे व्हेनिस. आम्ही दोघं, पाच वर्षांची चिऊ आणि हे दोघं, अशी पाच माणसं, चार रात्री. जायचं कसं, एवढंच ठरवायचं होतं आणि त्यात आमचा पूर्ण आठवडा गेला.

वरवर बघितलं तर वाद घालायला जागाच नाही. विमान तासाभरात व्हेनिसला पोचतं. गाडीने आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीवरून साडेपाचशे किलोमीटर, मॅप म्हणतो पावणेसहा तास, आणि मॅपला लहान मूल नसतं. पण तो जो एक तास आहे ना, तो विमानाचा तास आहे, आपला नाही. आम्ही राहतो नॉयपरलाखला, शहराच्या आग्नेय टोकाला, आणि विमानतळ पार उत्तरेला एर्डिंगच्या बाजूला. १९९२ च्या मे महिन्यात रीमचा जुना विमानतळ एका रात्रीत उचलून तिकडे नेला, ट्रकच्या ट्रक भरून, आणि ते रीम आमच्या घरापासून अगदी जवळ होतं. मी म्युनिकला आले त्याच्या वीस वर्षांनंतर, तरी ही खंत मी आपली बाळगून आहे. तर एस-बान, म्हणजे इथली लोकल, बदलून विमानतळापर्यंत एक तास, दोन तास आधी हजर राहायचं, एक तास उडायचं, उतरून बॅगा वगैरे पाऊण तास, पुढे बसने गावात अर्धा तास. झाले सव्वापाच. गाडीचे थांबे धरून सव्वासात. म्हणजे विमान जिंकतंच, पण दोन तासांनी, आणि त्या दोन तासांसाठी पाच तिकिटं आणि दोन बॅगा मिळून ७८० युरो, समोर गाडीचे पेट्रोल, टोल, पार्किंग सगळं धरून २८०.

(ट्रेनचं विचाराल. म्युनिकहून व्हेनिसला थेट ट्रेन आहे, त्याच ब्रेनरवरून जाते, साडेसहा-सात तास. आम्ही दोघंच असतो तर डोळे मिटून ट्रेन. पण स्वस्तातली तिकिटं संपली होती आणि पाच जागा एकत्र मिळत नव्हत्या, आणि आईला एकटीला दुसऱ्या डब्यात बसवणं म्हणजे तिने तिथे कुणाला तरी जावई करून घेतल्याशिवाय राहिली नसती.)

आदल्या वर्षीचा अनुभवही होता. बार्सिलोनाहून परतीचं विमान रात्री दहाला रद्द झालं, कंपनीचं नाव घेत नाही, चिऊ माझ्या जॅकेटवर विमानतळाच्या फरशीवर झोपली आणि मी एका बंद काउंटरसमोरच्या रांगेत दोन तास उभी होते. युरोपच्या नियमाप्रमाणे १५०० किलोमीटरपर्यंतच्या विमानाला माणशी २५० युरो भरपाई असते, ती मिळाली, पाच महिन्यांनी, अकरा मेल लिहून. आणि त्याच्याही आधी एकदा सिक्युरिटीला लोणच्याची बरणी अडवली होती. मी म्हटलं हे लिक्विड नाहीये, ह्या फोडी आहेत. बाईने बरणी नुसती तिरकी केली. तेल हललं, खटला संपला.

एवढं सगळं असूनही मी विमानाच्या बाजूची होते. कारण गाडी चालवणार कोण, तर मी. नवऱ्याकडे इथलं लायसन्स नाही. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिने चालतं, मग पुन्हा परीक्षा द्यायची, ती तो गेली आठ वर्षं ‘पुढच्या महिन्यात’ देतोय.

आणि बाजूच्या सीटवर कोण बसणार, तर बाबा.

बाबा म्हणजे एस.टी.चे ड्रायव्हर. चिपळूण डेपो, बत्तीस वर्षं, त्यातली बरीचशी चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट. पोफळी मागे पडली की पाऊस, धुकं, दरडी आणि वर हेळवाकपर्यंत तो दोन्ही हातांनी ओढायचा लांबलचक गिअर. २०१६ ला रिटायर झाले. ह्या माणसाने मला आयुष्यात एकदाही गाडीला हात लावू दिला नाही. मी अठराची झाले तेव्हा मैत्रिणी स्कूटी शिकत होत्या, हे म्हणाले घरात एक ड्रायव्हर पुरे. राग नव्हता त्यात, आजही मला वाटतं ती त्यांची काळजी होती, पण मी ते लक्षात ठेवलं. चौतिसाव्या वर्षी म्युनिकला लायसन्स काढलं, सक्तीचे बारा विशेष तास धरून, गावाबाहेरचे पाच, ऑटोबानचे चार, रात्रीचे तीन, तीन हजार युरोच्या वर पैसे ओतून आणि पहिल्या वेळी नापास होऊन. नापास का, तर पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी सोडायचं असतं आणि माझ्या उजवीकडून एक आजोबा इतक्या सावकाश येत होते की मला वाटलं ते पार्क करतायत.

शेवटी मी बाबांना विचारलं. ते बाल्कनीत बसून समोरच्या स्टॉपवरच्या बसेस बघत होते, रोजचंच.

“बाबा, व्हेनिसला विमानाने जायचं की गाडीने?”

“मधे घाट आहे का?”

“आहे की. आल्प्स आहे.”

“मग गाडी.”

झालं. आठवडाभराचं एक्सेल दोन शब्दांत बंद. नवऱ्याने खर्च वाचला म्हणून आनंद मानला. आई मात्र आतून ओरडली, “आणि मला कोण विचारणार? विमानात चहा आणून देतात, हलत नाही, डुलत नाही. ह्यांच्या गाड्यांची वाट बघण्यात जन्म गेला, आता सुट्टीत पण गाडीच?” ह्याला उत्तर नव्हतं, आणि तिने लग्नानंतर कुंभार्लीचा रस्ता बहुतेक ऐकलाच आहे, रोज रात्री जेवताना, हेही खरंच होतं. बाबांच्या गाडीत ती एकदाच बसली होती, कराडला, आणि त्या वेळी तिला तीनदा उलटी झाली. तिने पर्समध्ये आवळासुपारीचा डबा आणि प्लास्टिकच्या चार पिशव्या भरल्या आणि एकही शब्द बोलली नाही.

ऑस्ट्रियाच्या हायवेला विन्येट लागतं, तेव्हा मिळायचा तो काचेला चिकटवायचा टोलचा स्टिकर. डिजिटलही मिळायचं, पण ऑनलाइन घेतलं तर सामान्य गिऱ्हाइकाला तेव्हा अठरा दिवसांनंतर लागू व्हायचं, कारण काय तर खरेदी रद्द करायचा तुमचा हक्क. माझ्या हक्कापायी मला तीन आठवडे थांबवणारा हा एकच देश असेल. म्हणून पेट्रोल पंपावरून साधा स्टिकर घेतला, दहा दिवसांचा, ११.५० युरो, पंपवाल्याने तारखेवर भोकं पाडून दिली. बाबांनी तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, उजेडात धरला आणि स्वतः काचेवर लावला, नखाने चारही कोपरे दाबून. मला त्यात काडीचाही रस नव्हता पण त्यांनी ‘पासिंग झालं’ म्हटलं तेव्हा बरं वाटलं.

बुधवारी पहाटे साडेचारला निघालो. बाव्हेरियातल्या सुट्ट्या संपलेल्या, विकेंड नाही, मुद्दामच. मागे नवरा, मधे आई, पलीकडे चिऊची सीट, आईच्या मांडीवर थेपल्यांचा डबा कारण डिकीत जागा नव्हती. पुढे बाबा.

आता इथे एक गोष्ट माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. जर्मनीत स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे बाजूची सीट उजवीकडे. म्हणजे बाबा बत्तीस वर्षं ज्या बाजूला बसले, बरोब्बर त्याच बाजूला बसले होते, समोर काच, डाव्या हाताला सगळी गाडी, फक्त स्टिअरिंग कुणीतरी काढून नेलेलं. नॉयपरलाख सोडून ए-आठ हायवेला लागलो नाही तोच त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबायला लागला. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले की पाय खाली, मी ब्रेक मारायच्या आधी. चप्पल काढून ठेवलेली, पायाचा अंगठा ताठ. मी तिरक्या डोळ्यांनी बघत होते आणि खरं सांगायचं तर इरशेनबर्गच्या चढावर, जिथे सगळं म्युनिक सुट्टीच्या दिवशी अडकतं आणि जिथून पहिल्यांदा डोंगर समोर येतात, तिथे मी त्या पायाकडे बघून ब्रेक मारायला सुरुवात केली होती.

कीफर्सफेल्डनला बॉर्डर. जाताना कुणी नाही, साधी निळी पाटी, गेलो की ऑस्ट्रिया. बाबा म्हणाले, “नाका?” मी म्हटलं हाच नाका. “चेकिंग?” नाही. त्यांनी मागे वळून बघितलं, आपण काही चुकवून तर आलो नाही ना म्हणून. कूफस्टाइनचा किल्ला उजाडताना दिसला, मग इन नदीच्या काठाने शंभरची मर्यादा, इथे हवा स्वच्छ राहावी म्हणून वेग कमी केलाय, आणि लोकं पाळतात. बाबांना हे फार आवडलं. लालपरीला स्पीडलॉक होता तेव्हा सगळे त्यांना ओलांडून जायचे, इथे सगळेच स्पीडलॉक लावल्यासारखे.

इन्सब्रुकला डावीकडे वळून ए-तेराला लागलं की ब्रेनर सुरू. वर बेर्गीजेलची ती स्की-उडीची उंच मान दिसते, वास्तुकार झाहा हदीदच्या आराखड्याची, आणि मग एकदम तो पूल. ओयरोपाब्र्युके, युरोपाचा पूल. १९५९ ते १९६३ मध्ये बांधला, दरीपासून १९० मीटर उंच. मी गेल्या वेळी इथून गेले तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरून फक्त समोर बघितलं होतं. ह्या वेळी पुलाच्या टोकाला जो थांबा आहे तिथे गाडी लावली, कारण मला बाबांचा चेहरा बघायचा होता. माझ्या मनात हे सगळं तयारच होतं, बाबा कठड्याशी उभे, खाली दरी, मी चालवत आणलेली गाडी मागे, आणि ते काहीतरी बोलतील.

ते कठड्याशी उभे राहिले. पुलाखाली बघितलं, खांब बघितले, ट्रक किती वेगात जातायत ते बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले,

“बाय, हा घाट नाही. हा फ्लायओव्हर आहे.”

आणि त्यांचं बरोबर होतं हो. चढ कधी लागला ते कळलंच नव्हतं, एकही वळण असं नाही की जिथे गाडी दमते. माझी गाडी ऑटोमॅटिक, तिने गिअर कधी बदलला ते मलाही माहीत नव्हतं. साडेपाचशे किलोमीटर गाडीने जायचा अट्टाहास केला आणि घाट म्हणून जो दाखवला तो जमिनीपासून दोनशे मीटर वरून जात होता. म्हणजे विमानच की, फक्त हळू.

“तो कुठला?” त्यांनी खाली बोट केलं. पुलाखालून एक बारका रस्ता वळणं घेत जात होता, त्यावर एकच मोटरसायकल.

“तो जुना ब्रेनर रस्ता.”

“मग तो घाट.”

पुढे शोनबर्गला टोल भरला, अकराएक युरो, आणि मात्रायला हायवे सोडला. टोल भरून मग हायवे सोडणं ह्याला काय म्हणतात ते नवरा मागून सांगत होता. त्याला पेट्रोलचं कारण दिलं, आणि ते खोटंही नव्हतं, हायवेवरचा पंप नेहमी महाग. शिवाय ऑस्ट्रियात तेव्हा, २०११ पासून, नियम होता की पंपवाल्याने भाव वाढवायचा तर दिवसातून एकदाच, दुपारी बाराला, खाली कितीही वेळा आणा. म्हणून शहाणा माणूस सकाळीच भरायचा. बाबांनी हे चारदा विचारून घेतलं, आणि पंपावरच्या पोराकडे इतक्या आदराने बघितलं की त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

मात्राय, श्टायनाख, ग्रीस. हा रस्ता खरंच रस्ता होता. गावाच्या पोटातून जाणारा, घरांच्या भिंतींवर चित्रं, चर्चचे टोकदार कळस, दूध नेणारा ट्रॅक्टर आमच्यापुढे वीस मिनिटं आणि ओलांडायला जागा नाही. ग्रीसच्या पुढे चढ आणि वळणं लागली. बाबांचा पाय थांबला. इतका वेळ जो मॅटवर दाबत होता तो पाय मांडी घातल्यासारखा मागे गेला आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली, वळणाच्या आधी वेग टाक वळणात नको, चढणाऱ्याला वाट द्यायची, ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. मी म्हटलं बाबा ही ऑटोमॅटिक आहे. म्हणाले मग तिला सांग. शेवटी मी लिव्हर मॅन्युअलला टाकला, जो गाडी घेतल्यापासून कधी वापरला नव्हता, आणि त्यांच्या सांगण्यावरून बदलत गेले. दुसरा. आता तिसरा. थांब. आता. इंजिनाचा आवाज ऐकून सांगत होते, डोळे रस्त्यावर पण मान जराशी खाली. कुंभार्लीत पावसाळ्यात वायपर बंद पडले की ते असंच चालवायचे म्हणे, आवाजावर. मागे आईने पहिली पिशवी काढली.

वर ब्रेनरला उंची १३७० मीटर, आणि गंमत म्हणजे खिंडीत घाटमाथ्यासारखं काहीच नाही. रेल्वे स्टेशन, मोठं शॉपिंग सेंटर, ट्रक. नवरा म्हणाला जर्मन कवी गटे पण इथूनच गेला होता, १७८६ च्या सप्टेंबरात, घोडागाडीने, आठ तारखेला ब्रेनर आणि अठ्ठावीसला व्हेनिस. आई म्हणाली, “त्याच्याबरोबर बायको नसेल.” नव्हतीच. तो एकटा आणि खोट्या नावाने प्रवास करत होता, हे नवऱ्याने सांगितल्यावर आई म्हणाली बघ.

इटलीत शिरल्यावर पहिल्या मोठ्या थांब्यावर आम्ही चौघं आत गेलो. तिथे आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग ती पावती घेऊन कॉफीवाल्यासमोर उभं राहायचं, आणि उभ्यानेच प्यायची. बाबा म्हणाले मी बसतो गाडीत. दहा मिनिटांनी मी त्यांच्यासाठी कागदी कपात कॉफी घेऊन परत आले तर ते गाडीत होते, पण माझ्या जागेवर.

मी लांबच थांबले. त्यांनी आधी आतला आरसा नीट केला. मग बाहेरचे दोन्ही बघितले. उजवा हात स्टिअरिंगवर, आणि डावा हात खाली गेला, गिअरसाठी. दारावर आपटला. त्यांनी हाताकडे बघितलं, पुन्हा वर नेला, पुन्हा समोर बघितलं, आणि थोड्या वेळाने तोच हात पुन्हा खाली गेला आणि पुन्हा दारावर. बत्तीस वर्षं त्या हाताला माहीत होतं की तिथे काय असतं. मग हसले, एकटेच.

मी काचेवर टकटक केली. ते घाईने उतरायला लागले, म्हणाले सीट फार पुढे घेतेस तू. मग दार धरून, माझ्याकडे न बघता, “पार्किंगमधल्या पार्किंगमध्ये एक चक्कर… मोकळंच आहे.”

मी नाही म्हटलं. इन्शुरन्स, बाबा. लायसन्सचं माहीत नाही. इटली आहे. सगळी कारणं खरी होती आणि मी ती ओळीने सांगितली, एक्सेलसारखी. ते लगेच बरं म्हणाले, अगदी लगेच, आणि आपल्या बाजूला जाऊन बसले. घरात एक ड्रायव्हर पुरे, हे मी बोलले नाही. पण ते आलं होतं जिभेवर, आणि येऊन गेलं ह्याचं मला पुढचे पन्नास किलोमीटर वाईट वाटत राहिलं. कॉफी कपात तशीच गार झाली.

ए-बावीस, ब्रेनर ते मोडेना. एका बाजूला दोनच लेन, त्यातली उजवी ट्रकची. पाट्या दोन भाषांत, बोल्झानो आणि बोत्सेन, कारण पहिल्या महायुद्धाआधी हा सगळा टापू ऑस्ट्रियाचा. चाउझेनजवळ, म्हणजे क्लाउझेनजवळ, मी नेहमी चुकते, कड्यावर झेबेनचा मठ दिसतो, मग सफरचंदाच्या बागा सुरू होतात आणि त्या संपतच नाहीत, ट्रेंटोपर्यंत आडिजे नदीच्या दोन्ही अंगांना, जाळ्या लावलेल्या. चिऊ झोपली. आई, जिला आता बरं वाटत होतं, म्हणाली आपल्याकडे काजूच्या बागा पण अशा लायनीत लावल्या पाहिजेत. वेरोनानंतर ए-चार म्हणजे निव्वळ सपाट, गरम आणि कंटाळवाणा, तिथे मी मनातल्या मनात विमानाचं तिकीट काढलं होतं.

मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसच्या जमिनीवरच्या भागाला, पोचलो तेव्हा एक वाजून पन्नास मिनिटं. आईने घड्याळ बघितलं. “नऊ तास वीस मिनिटं,” म्हणाली. बास, एवढंच.

व्हेनिसबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल आणि तो दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहिलाय. गाडी मेस्त्रेलाच ठेवली, व्हेनिसमध्ये ती पियाझाले रोमाच्या पुढे जाऊच शकत नाही, आणि तिथलं पार्किंग म्हणजे अजून एक माणूस हॉटेलात ठेवल्यासारखं. एक रबरी टायरची ट्राम आहे, ती समुद्रावरच्या लांब पुलावरून गावात नेते. बाबांना सान मार्को वगैरे ठीक वाटलं. त्यांना वापोरेत्तो आवडली, पाण्यावरची एस.टी. स्टॉपवर आली की एक माणूस दोराचा वेढा खुंट्याला टाकतो, बोट कर्रर्र करत टेकते, कठडा सरकवतो, माणसं चढतात, दोर सोडतो. एक नंबरची बोट प्रत्येक स्टॉपला थांबते. आम्ही तिच्यावरून दोनदा शेवटपर्यंत गेलो आणि बाबा पूर्ण वेळ त्या दोरवाल्याच्या शेजारी उभे होते. त्याला डबल बेल नव्हती एवढीच त्यांची तक्रार.

परत येताना आम्ही चूक केली आणि ती रविवारी केली. सगळं दक्षिण जर्मनी रविवारी संध्याकाळी इटलीतून घरी येतं. ब्रिक्सनपासून गाड्या मुंगीसारख्या, आणि जुन्या रस्त्याने जावं म्हटलं तर २०१९ पासून तिरोलवाल्यांनी, म्हणजे ऑस्ट्रियाच्या त्या प्रांताने, विकेंडला कोंडी चुकवायला हायवे सोडून गावात शिरायला बंदी केलीय, पोलिस उभे असतात. बरोबरच आहे त्यांचं, त्यांनी तरी किती सोसायचं. (आता तर अजून कठीण, २०२५ च्या जानेवारीपासून ह्याच हायवेवरच्या लुएगच्या पुलावर, तो नव्याने बांधायचाय म्हणून, बऱ्याच दिवशी एकेकच लेन. जाणार असाल तर दिवस बघून जा.) मग वर जर्मनीच्या बाजूला कीफर्सफेल्डनला तपासणी, ती २०१५ च्या सप्टेंबरपासून ‘तात्पुरती’ चालू आहे. जाताना जो नाका बाबांना सापडला नव्हता तो परत येताना सापडला. पासपोर्ट हातात घेऊन चाळीस मिनिटं.

त्या कोंडीत एक गोष्ट झाली. इन्सब्रुकच्या पुढे सगळं ठप्प झाल्यावर मी गाडी उजवीकडे घेतली, डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे घेतल्या, मधे मोकळी पट्टी. बाबा म्हणाले मधे एवढी जागा आहे तर जात का नाही कोणी? मी म्हटलं ती ॲम्ब्युलन्ससाठी. “कुठे आहे ॲम्ब्युलन्स?” नाहीये अजून. आली तर. थांबलं की आधी ही वाट करायची, असा नियम आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. पाच-सात मिनिटांनी मागून निळे दिवे आले, आणि ती गाडी आमच्या आरशापासून हातभर अंतरावरून ऐंशीच्या वेगाने सरळ निघून गेली, एकदाही ब्रेक न मारता. बाबा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. एकदा कुंभार्लीत दरड कोसळली होती तेव्हा त्यांच्या गाडीत एक बाळंतीण होती, ही गोष्ट मी लहानपणी ऐकली आहे. त्यांनी ती तेव्हा सांगितली नाही, मीही विचारली नाही.

घरी पोचायला रात्रीचे साडेदहा. अकरा तास. विमान असतं तर चिऊ आठला झोपलेली असती, आई म्हणाली ते शंभर टक्के खरं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी एक्सेलमध्ये खरे आकडे भरले, ७९ लिटर पेट्रोल, लिटरमागे सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एकूण १८० किलोच्या आसपास, भागिले पाच, माणशी ३६ किलो, विमानाचं नक्कीच जास्त भरलं असतं. तो हे फार समाधानाने सांगत होता. मी म्हटलं पाच माणसं होती म्हणून, एकटी गेले असते तर सगळे १८० माझ्या नावावर, आणि तसंही आई-बाबा मुंबईहून उडून आलेत ते कुठल्या कॉलममध्ये टाकतोस? त्याने ती ओळ लपवली.

बाबा सकाळी लवकर उठून डायनिंग टेबलवर चिऊच्या चित्रकलेच्या वहीत काहीतरी लिहीत होते. टोलच्या पावत्या, पंपाच्या पावत्या ओळीने लावलेल्या, विन्येटचा मागचा कागदही होता. पट्टीने रकाने आखले होते. तारीख, मार्ग, सुटली, पोचली, किलोमीटर. जर्मनीत मायलेज उलटं मोजतात, शंभर किलोमीटरला किती लिटर, आणि बाबा मोजतात दहा लिटरला किती किलोमीटर, डेपोतली सवय. ‘११३२ किमी. ७९ लि. दहा लिटरला १४३.’ त्याच्यापुढे कंसात त्यांनी स्वतःसाठी लिहिलं होतं, ‘आपली ४७.’ ब्रेकडाऊन, निरंक. अपघात, निरंक. ड्रायव्हरच्या रकान्यात माझं नाव, लग्नाआधीचं, पूर्ण.

शेवटचा रकाना शेरा. तिथे लिहिलं होतं, ‘उतारावर ब्रेक फार. गिअर ठीक.’